शीटमध्ये नसलेला रकाना

प्रति,
वेबसाइटचे मालक, कंटेंट विभागांचे प्रमुख आणि महिन्याला किती पानं निघाली पाहिजेत हे ठरवणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

वेबसाइटवर जाणारा मजकूर तपासणं हे माझं काम. स्वतः लिहिणं कमी, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचणं जास्त. आरोग्य, कर्ज, विमा, घरातली यंत्रं, जे येईल ते. पूर्वी माझ्यापुढे दिवसाला तीन-चार लेख यायचे, आता अकरा येतात. लेखक वाढलेले नाहीत, उलट दोन कमी झालेत. तपासणारी मात्र तेव्हाही मी एकटी होते आणि आजही एकटीच आहे. या आकड्यांचा गुणाकार तुमच्या टेबलावर होतो आणि वजाबाकी माझ्या टेबलावर येते, म्हणून हे पत्र तुम्हाला.

एआयच्या नावानं बोटं मोडायला बसलेले नाही, हे आधीच सांगते. मी ते रोज वापरते. तासाभराच्या मुलाखतीचं शब्दांकन, लांबलचक तक्ता सलग वाक्यांत मांडणं, शीर्षकाचे दहा पर्याय मागवून त्यातले नऊ फेकून देणं, ही कामं त्यानं सोपी केली. एका परिच्छेदात ‘महत्त्वाचा’ चार वेळा आलाय हे ते माझ्याआधी पकडतं. चित्रांखालचा पर्यायी मजकूर, जो अंध वाचकाला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो, तो पूर्वी आम्ही कंटाळा करून कोरा सोडायचो. आता निदान पहिला खर्डा तरी मिळतो. (परवा एका आलेखासाठी ‘निळी रेषा असलेला आलेख’ असं त्यानं लिहून दिलं. रेषा वर गेली की खाली, हे सांगायचं राहिलं. पण कोऱ्या जागेपेक्षा बरं म्हणून मी ते घेतलं आणि दुरुस्त केलं.)

म्हणजे माझी तक्रार यंत्राशी नाही. ती कशाशी आहे ते एका लेखावरून सांगते.

विषय होता ‘लहान मुलाला ताप आला तर’. अकरापैकी पाचवा लेख, दुपारची वेळ. मजकूर छान होता. छोटे परिच्छेद, प्रेमळ सूर, आईबापांना धीर देणारी भाषा. त्यात एक वाक्य होतं: ‘पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलिलिटर द्यावं, गरज वाटल्यास सहा तासांनी पुन्हा द्यावं.’ मी ते वाचलं, विरामचिन्हं बरोबर आहेत हे पाहिलं आणि पुढे गेले. दोन परिच्छेद उलटल्यावर काहीतरी टोचलं म्हणून मागे आले. ५ मिलिलिटर, पण कशाचे? हे सिरप एकाच ताकदीचं नसतं. एका बाटलीत ५ मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीत २५०. म्हणजे तोच चमचा, तीच खूण, आणि पोटात जाणारं औषध दुपटीहून जास्त. शिवाय मात्रा ठरते मुलाच्या वजनावर, आणि सबंध लेखात वजन हा शब्द नव्हता. दिवसभरात जास्तीत जास्त किती वेळा द्यायचं, तेही नव्हतं.

लेखकाला विचारलं, हे कुठून घेतलंस? तो म्हणाला, ‘ताई, एआयनं दिलं. वाक्य बरं वाटलं म्हणून ठेवलं.’ त्याला त्या दिवशी सहा लेख द्यायचे होते. मी ओरडायच्या बेतात होते, पण गप्प बसले. पहिल्या वाचनात ते वाक्य माझ्याही हातून निसटलंच होतं की.

तो लेख नीट करायला पन्नास मिनिटं लागली. सिरपच्या ताकदी तपासल्या, एका डॉक्टरांना फोन केला, मात्रेचं वाक्य काढून टाकलं आणि त्या जागी वजन, बाटलीवरचं लेबल आणि डॉक्टरांचा सल्ला यांबद्दल चार साध्या ओळी घातल्या. त्या दिवशीच्या उरलेल्या सहा लेखांचं मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण झालं ते असं झालं.

तुमच्या बैठकांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली मी नेहमी ऐकते, की लिहायचं काम यंत्र करतंय म्हणजे तपासायला फारसं काही उरत नाही. अनुभव नेमका उलटा आहे. माणसाच्या खर्ड्यात त्याचं अज्ञान उघडं दिसतं. ज्याला मात्रा माहीत नाही तो तिथं जागा सोडतो, प्रश्नचिन्ह टाकतो, ‘हे बघून सांगा’ असं लिहितो. त्याची वाक्यंही तिथं अडखळतात. इतकी वर्षं आम्ही तपासनीस त्या अडखळण्यावरूनच चुका हुडकत आलो. यंत्राचा मजकूर अडखळत नाही. तयार झालेल्या मजकुरानंतर कोणता शब्द येणं संभवतं याचा अंदाज बांधत ते पुढे जातं, आणि खरी माहिती असो वा जुळवलेली, आवाज एकाच पट्टीत राहतो. त्यामुळे मला आता प्रत्येक वाक्याकडे सारख्याच संशयानं बघावं लागतं. लेख लिहायला तीन तासांऐवजी वीस मिनिटं लागली, हे ठीक. पण तपासायला अर्ध्या तासाऐवजी तास लागतो, आणि तो तास तुमच्या महिन्याच्या नियोजनाच्या शीटमध्ये कुठेच नाही.

असं फक्त आमच्यासारख्या छोट्या जागी होतं असं समजू नका. ‘सीनेट’ ही तंत्रज्ञानावरची जुनी, नावाजलेली अमेरिकी वेबसाइट. त्यांनी पैशांच्या विषयांवरचे ७७ लेख यंत्राकडून लिहून घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये गवगवा झाल्यावर पुन्हा तपासले, तेव्हा ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्यातली एक चूक मी नवीन मुलांना मुद्दाम दाखवते. १०,००० डॉलर ३ टक्के व्याजानं ठेवले तर पहिल्या वर्षी १०,३०० डॉलर मिळकत होईल, असं छापलं होतं. मिळकत ३०० डॉलरची. शाळकरी मुलाला कळेल अशी चूक, आणि ती चक्रवाढ व्याज समजावून सांगणाऱ्या लेखात. लक्षात घ्या, हे लेख संपादकांच्या नजरेखालून जातात असंच तिथं सांगितलं जात होतं. नजर गेलीही असेल. पण वाक्य गुळगुळीत असलं की नजर घसरते, माझी घसरली तशीच.

मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या वर्तमानपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली, यंत्राकडून बनवून घेतलेली. त्यातली १० पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. लेखकांची नावं खरी, पुस्तकं हवेतली, आणि वर प्रत्येकाचा दोन ओळींत सारांश. मजकूर बाहेरून आला होता, पुरवणी तयारच मिळाली होती, आमच्या संपादक वर्गानं तो केलेला नाही, असा खुलासा वर्तमानपत्रानं केला. मला तो खुलासाच जास्त भीतीदायक वाटला. मजकूर लेखकाकडून पुरवठादाराकडे, तिथून छपाईला गेला, आणि मधल्या प्रत्येकाला वाटलं की आधीच्यानं पाहिलं असेल. तुमच्याकडेही असंच चालतं. लेखकाला वाटतं ताई बघतील, ताईंना वाटतं लेखकानं बघितलं असेल, आणि तुम्हाला वाटतं दोघांनीही बघितलं.

‘यंत्रानं लिहिलं’ हा बचाव टिकेल, अशी आशा कुणी धरून असेल तर एअर कॅनडा या विमान कंपनीचं प्रकरण जरूर पाहा. कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं, म्हणजे प्रश्नांना आपोआप उत्तरं देणाऱ्या यंत्रानं, एका प्रवाशाला कुटुंबातल्या मृत्यूनिमित्त मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. प्रवासानंतरही सवलत मागता येते, असं त्यानं सांगितलं, आणि त्याच वेबसाइटच्या दुसऱ्या पानावर नियम वेगळा होता. दावा लागला तेव्हा कंपनीच्या बाजूनं असा युक्तिवाद झाला की चॅटबॉट हा जणू वेगळा घटक आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणानं तो उडवून लावला. वेबसाइटवरची माहिती साध्या पानावरची असो की चॅटबॉटची, जबाबदारी कंपनीचीच, असा निकाल दिला आणि भरपाई द्यायला लावली.

आता त्या ‘अनुभवा’बद्दल, ज्यावरून आपली वारंवार वादावादी होते. गूगलनं डिसेंबर २०२२ मध्ये मजकुराची गुणवत्ता तोलण्याच्या आपल्या निकषांत ‘अनुभव’ हा शब्द घातला. लिहिणाऱ्यानं ती वस्तू स्वतः वापरली आहे का, त्या जागी तो गेला आहे का, हे पाहा, असा त्याचा अर्थ. चांगला निकष आहे. मग आपण काय केलं? यंत्राला प्रॉम्प्ट, म्हणजे सूचना, दिली की ‘स्वतः वापरल्यासारखं लिही’. परिणामी माझ्यासमोर आलं: ‘मी हे व्हॅक्यूम क्लीनर तीन महिने वापरलं आणि सोफ्याखालची धूळ इतक्या सहज निघताना पाहून थक्क झाले.’ ही थक्क झालेली बाई कोण? सोफा कुणाचा? धूळ कुठली? मी ते परत पाठवलं. उत्तर आलं की सगळेच असं करतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं, ऑगस्ट २०२४ मध्ये बनावट परीक्षणांवर बंदी घालणारा नियम केला, त्यात यंत्रानं रचलेली परीक्षणंही धरली आहेत. पण नियम नसता तरी मी ते वाक्य परतच पाठवलं असतं. चुकीची माहिती म्हणजे चूक झाली असं म्हणता येतं. न घेतलेला अनुभव सांगणं ही थाप आहे.

तीच गोष्ट नसलेल्या लेखकांची. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी क्रीडा मासिकाच्या वेबसाइटवर यंत्रानं बनवलेले चेहरे आणि रचलेली ओळख असलेले ‘लेखक’ नोव्हेंबर २०२३ मध्ये सापडले. मजकूर बाहेरच्या पुरवठादाराचा, असं तिथंही सांगितलं गेलं. आणि ‘शेवटचे अद्ययावत’ ही ओळ? जुना लेख यंत्राकडून शब्द फिरवून घ्यायचा, माहिती तीच ठेवायची आणि वर आजची तारीख टाकायची. हे आपल्याकडे दर सोमवारी होतं. वाचक ती तारीख बघून विश्वास ठेवतो हो.

संदर्भांचंही एक सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी ती लिंक कधी दाबून पाहिलेली नसते. लेखाच्या शेवटी एखाद्या मोठ्या आरोग्य संस्थेची लिंक असते. पत्त्याचा पहिला भाग खरा असतो, संस्था खरी असते. तिरक्या रेघेनंतरचा भाग मात्र बनवलेला. दाबलं की ‘पान सापडले नाही’. नवीन मुलं म्हणतात, साइट बदलली असेल. बदलते कधी कधी. पण एकाच लेखातल्या पाचपैकी चार लिंका एकाच वेळी मेल्या, तर त्या कधी जिवंतच नव्हत्या असं समजावं.

मराठीपुरतं थोडं जास्त बोलते, कारण हे दुसऱ्या कुणी बोलणार नाही. इंग्रजी लेख यंत्राला देऊन मराठी पान तयार करणं आता एका मिनिटाचं काम आहे. पण मिलियनचं (म्हणजे दहा लाखांचं) लाख होतं आणि बिलियनचं (म्हणजे शंभर कोटींचं) कोटी. वीस लाखांचे दोन लाख झालेले मी स्वतः पकडले आहेत, न पकडलेले किती गेले असतील देव जाणे. कर्त्याचं लिंग मधेच बदलतं. ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ अशी सुरुवात आणि ‘चला तर मग जाणून घेऊया’ असं वळण प्रत्येक लेखात येतं, मग विषय मूतखड्याचा असो वा मुदत ठेवीचा. याला नुसतं हसून चालणार नाही. वेबवर मराठी मजकूर मुळातच कमी. पुढची यंत्रं शिकणार ती याच मजकुरावर. यंत्रानं रचलेल्या मजकुरावरच पुढचं यंत्र पिढ्यान्‌पिढ्या शिकत गेलं तर ते हळूहळू बिघडत जातं, क्वचित आढळणाऱ्या गोष्टी त्याच्यातून आधी पुसल्या जातात, असं जुलै २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातल्या एका शोधनिबंधानं दाखवलं. इंग्रजीच्या समुद्रात शंभर खराब पानं विरून जातील. आपल्या विहिरीत ती वर तरंगत राहतात.

आता, उपाय म्हणून तुम्ही जे केलंत त्याबद्दल. यंत्रानं लिहिलेलं ओळखणारं टूल विकत घेतलंत आणि लेखकांचे लेख त्यातून चाळायला सुरुवात केलीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच असं टूल जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं, आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी काही टूल्स तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध ‘यंत्राचे’ ठरवले गेले. साधं, मोजक्या शब्दांत लिहिणारा माणूस या टूलला यंत्र वाटतो. आपल्याकडे याच कारणावरून एका मुलीला खुलासा द्यावा लागला. तिचा तो लेख मी तिच्या शेजारी बसून, ओळ न् ओळ तयार होताना पाहिला होता. आणि समजा यंत्रानंच लिहिलं असतं, तरी प्रश्न उरतोच ना, की त्यातलं खरं किती? हे टूल ते सांगत नाही.

दुसरा उपाय, पानाच्या तळाशी ‘या लेखासाठी एआयची मदत घेतली आहे’ अशी पाटी. पाटी असावी, माझी हरकत नाही. पण पाटी लावली की तपासणी झाली, असं तुम्ही धरता. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर लोकांना माहिती देणारा मजकूर यंत्रानं तयार केला असेल तर तसं जाहीर करा, असं त्यात आहे. आणि त्याला सूट कुणाला? ज्या मजकुराची माणसानं तपासणी केली आहे आणि ज्याची संपादकीय जबाबदारी कुणीतरी घेतली आहे, त्याला. कायदा लिहिणाऱ्यांनाही पाटीपेक्षा जबाबदार माणूस मोठा वाटला.

गोपनीयतेचं थोडक्यात सांगते. वाचकांची पत्रं, रुग्णांच्या मुलाखती, जाहिरातदारांचे करार ‘जरा सारांश करून दे’ म्हणून कुठल्याही फुकट टूलमध्ये चिकटवू नका. सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा अंतर्गत कोड असाच चॅटजीपीटीला दिला आणि कंपनीला अशा टूल्सवर बंदी आणावी लागली. आपल्याकडे बंदी नको, पण काय चिकटवायचं नाही याचा एक कागद भिंतीवर लावा. दहा ओळींचा पुरे.

मला काय हवंय, ते सांगते. यंत्राला माहिती विचारू नका, माहिती त्याला द्या. लेखकानं आधी मूळ कागद, मुलाखत, नियमाचा मजकूर गोळा करावा आणि मग यंत्राला म्हणावं, हे नीट मांडून दे. त्या तापाच्या लेखात औषधाच्या लेबलचा मजकूर समोर ठेवला असता, तर निदान ‘५ मिलिलिटर कशाचे’ हा प्रश्न लेखकालाच पडला असता. औषध, पैसा, कायदा आणि विजेची उपकरणं या चार विषयांवरचं कुठलंही पान, त्या विषयातल्या माणसानं वाचल्याशिवाय लाइव्ह जाऊ नये. चूक निघाली तर गुपचूप बदलू नका. काय चुकलं होतं आणि कधी दुरुस्त केलं, ते त्याच पानावर लिहा.

आणि वेळ. यंत्रानं लेखामागे अडीच तास वाचवले, हे तुम्हीच सादरीकरणात दाखवलंत. त्यातला एक तास तपासणीला द्या एवढंच मागते. उरलेला दीड तास तुमचा. आज ते अडीचच्या अडीच तास आणखी पानं काढण्यात जातात, आणि मग मी दुपारी पाचव्या लेखावर शुद्धलेखन तपासत बसते.

आपली शीट माझ्यासमोर उघडी आहे. विषय, कीवर्ड, शब्दसंख्या, मुदत, लेखक, स्थिती. सहा रकाने. पुढच्या महिन्याची शीट पाठवाल तेव्हा त्यात सातवा वाढवा: ‘कोणी तपासलं’. तिथं ‘टीम’ किंवा ‘डेस्क’ असं नको, माणसाचं नाव हवं. माझं घालायला माझी तयारी आहे, दिवसाला चार लेखांपुढे घालेन. पाचव्या लेखापुढे कुणाचं घालायचं, ते तुम्ही ठरवा आणि शीट पाठवण्याआधी त्या माणसाला विचारून घ्या.

आपली,
मजकूर तपासणारी एक